ब्लॅकजॅकच्या बेटिंग सिस्टीम: कोण किती पाण्यात

पणजीत मांडवीच्या धक्क्यावरून कसिनोच्या बोटीवर जाणाऱ्या बऱ्याच जणांच्या डोक्यात हल्ली एखादी 'सिस्टीम' असते. कुणी व्हिडिओ बघून पाठ केलेली, कुणी टेलिग्रामच्या ग्रुपात पैसे मोजून घेतलेली. मार्टिंगेल, डॅलेम्बर्ट, पारोली, १-३-२-६, ऑस्कर्स ग्राइंड. वायदा सगळ्यांचा एकच: कधी किती लावायचं हे कळलं की ब्लॅकजॅकमधलं (पत्त्यांची बेरीज २१ च्या पुढे न नेता डीलरला हरवायचा खेळ) हरणं आटोक्यात येतं. या पद्धती इथे विकाऊ मालासारख्या तपासल्या आहेत आणि प्रत्येकीला तीनच प्रश्न विचारले आहेत. तासाभरात टेबलावरून एकूण किती पैसे फिरतात? पद्धत कुठे मोडते? आणि ती चालवायला आधी किती रुपयांच्या चिप्स विकत घ्याव्या लागतात?

शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटेल, पण गोव्यात तोच सगळ्यांत महागात पडतो. कसिनोत चिप्स विकत घेताना भरलेल्या पूर्ण रकमेवर जीएसटी लागतो. १ ऑक्टोबर २०२३ पासून तो २८ टक्के होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के आहे. न वापरलेल्या चिप्स परत दिल्या तरी कर परत मिळत नाही. त्यामुळे जी पद्धत खिशात मोठी रक्कम मागते, ती पहिला पत्ता वाटला जाण्याआधीच माणसाला खड्ड्यात उतरवते. बहुतेक व्हिडिओ परदेशातल्या टेबलांवर बेतलेले असतात, तिथे ही भानगड नाही, म्हणून त्यांत याचा उल्लेखही सापडत नाही.

आधी टेबल बघा

हिशेबासाठी धरलेलं टेबल असं: सहा कॅट, डीलर सगळ्या १७ वर थांबतो, ब्लॅकजॅकला (पहिल्याच दोन पत्त्यांत एक्का आणि १० किमतीचा पत्ता) ३:२, स्प्लिटनंतर (जोडीचे दोन पत्ते वेगळे करून दोन डाव खेळणं) डबल (पैज दुप्पट करून एकच पत्ता घेणं) चालतं. बेसिक स्ट्रॅटेजीनं (कुठल्या पत्त्यांवर काय करायचं याचा ठरलेला तक्ता) खेळलं तर अशा टेबलावर कसिनोचा वाटा अर्ध्या टक्क्याच्या आसपास राहतो, म्हणजे १०० रुपयांच्या पैजेमागे सरासरी ५० पैसे. ही स्ट्रॅटेजी काही गुपित नाही. बॉल्डविन, कॅन्टी, मेझेल आणि मॅकडरमॉट या अमेरिकी सैन्यातल्या चौघांनी टेबलावरच्या कॅल्क्युलेटरवर आकडेमोड करून ती १९५६ मध्ये छापली, आणि आज तिचा तक्ता कुठेही फुकट मिळतो. टेलिग्रामवर पैसे भरायची गरज नाही.

बसण्याआधी टेबलाच्या कापडावर काय छापलंय ते वाचायचं. ब्लॅकजॅकला ३:२ ऐवजी ६:५ असेल तर १,००० च्या पैजेवर १,५०० च्या जागी १,२०० मिळतात. ब्लॅकजॅक साधारण २१ डावांत एकदा येतो, त्यामुळे या एका बदलानं कसिनोचा वाटा जवळपास १.४ टक्क्यांनी वाढतो, म्हणजे जवळजवळ चौपट होतो. अशा टेबलावर कुठलीही पद्धत तपासायच्या लायकीची उरत नाही, पुढे निघायचं. डीलर सॉफ्ट १७ वर, म्हणजे एक्का-सहावर, पत्ता घेत असेल तर आणखी ०.२ टक्के. हे कापडावर नसेल तर डीलरला विचारायचं, तो सांगतो.

तिसरी गोष्ट बरेच जण विचारत नाहीत. डीलर स्वतःचा दुसरा पत्ता सुरुवातीलाच घेतो, की सगळ्यांचं खेळून झाल्यावर? नंतर घेत असेल तर डबल किंवा स्प्लिट करून वाढवलेले पैसेही डीलरच्या ब्लॅकजॅकला बळी पडू शकतात. नुकसान ०.१ टक्क्याचंच, पण खेळ बदलावा लागतो: समोर १० किंवा एक्का असेल तर ११ वर डबल नाही आणि ८-८ स्प्लिट नाही, दोन्हीकडे फक्त पत्ता घ्यायचा.

आता सगळ्या सिस्टीम ज्या आकड्यावर अडखळतात तो आकडा. १०० डावांत खेळणारा साधारण ४२ जिंकतो, ४९ हरतो, उरलेले बरोबरीत सुटतात. बरोबरी सोडून मोजलं तर जिंकण्याची शक्यता ४६.३ टक्के, हरण्याची ५३.७. मग कसिनोचा वाटा अर्धा टक्काच कसा? कारण ब्लॅकजॅकला दीडपट मिळतात, आणि चांगल्या पत्त्यांवर डबल-स्प्लिट करून पैसे वाढवता येतात. डावांच्या संख्येत खेळणारा सपाटून मार खातो आणि त्यातला बराचसा या वाढीव पैशांतून वसूल करतो. पैजेच्या सिस्टीम मात्र ब्लॅकजॅकला छापा-काटा समजून बनवलेल्या आहेत. गोची तिथे आहे.

मार्टिंगेल

हरलं की डबल. सगळ्यांत लोकप्रिय, कारण समजायला दहा सेकंद लागतात आणि पहिला अर्धा तास बहुधा छान जातो.

समजा टेबलाची किमान पैज १,००० आणि कमाल ५०,००० आहे. पायऱ्या अशा पडतात: १,०००, २,०००, ४,०००, ८,०००, १६,०००, ३२,०००. सहाव्यांदा हरलात की ६३,००० गेलेले असतात आणि पुढची ६४,००० ची पैज टेबल घेतच नाही. कमाल मर्यादा त्यासाठीच असते. सलग सहा हरणं दुर्मीळ वाटतं, पण ५३.७ टक्क्यांच्या हिशेबानं दर ४२ साखळ्यांत (१,००० पासून सुरू करून जिंकेपर्यंतचे किंवा सहा हरेपर्यंतचे डाव म्हणजे एक साखळी) एक अशी निघते. भरलेल्या टेबलावर तासाला ६० डाव धरले तर साधारण २६ साखळ्या होतात. म्हणजे तासाभरात एकदा तरी साखळी मोडण्याची शक्यता ४७ टक्के. दर दोन तासांत एक फटका, असं समजायला हरकत नाही.

यावर ठरलेलं उत्तर असतं: मोठ्या मर्यादेचं टेबल शोधा, एक-दोन पायऱ्या जास्त मिळतील. मिळतात. सातव्या पायरीनं मोडण्याची शक्यता ७८ साखळ्यांत एक होते आणि फटका १,२७,००० चा होतो. एक बाजू अर्धी होते तेव्हा दुसरी दुप्पट होते, हिशेब तिथेच राहतो.

चिप्स विकत घेण्याच्या अंगानं तर मार्टिंगेल फारच वाईट. सहा पायऱ्या चढायच्या तर ६३,००० च्या चिप्स हाताशी हव्यात. चिप्सच्या किमतीवर ४० टक्के वरून लागले तर कर झाला २५,२००. तासभर एकही साखळी न मोडता खेळलात तर साध्या हिशेबानं कमाई २६,०००. म्हणजे नशिबानं साथ दिलेला पहिला तास कर फेडण्यात जातो, आणि दुसऱ्या तासाला मोडण्याची ४७ टक्के शक्यता पुन्हा पहिल्यापासून सुरू.

आणखी एक भोक आहे, ते व्हिडिओवाले दाखवत नाहीत. सहाव्या पायरीवर ३२,००० लावलेत, हातात ११ आले, डीलरचा पत्ता ६. ब्लॅकजॅकमधल्या सर्वोत्तम जागांपैकी ही एक. डबल केलं तर पैजेच्या सरासरी दोन तृतीयांश फायदा, नुसता पत्ता घेतला तर एक तृतीयांश. डबल करायला आणखी ३२,००० लागतात, आणि ६३,००० घेऊन बसलेल्या माणसाजवळ त्या वेळी एकही चिप उरलेली नसते. नाइलाजानं साधा पत्ता घ्यावा लागतो आणि सरासरी दहा हजारांचं पाणी होतं. ८-८ आले तरी तेच. ज्या डबल-स्प्लिटमुळे कसिनोचा वाटा अर्ध्या टक्क्यावर येतो, ते ही पद्धत नेमक्या मोठ्या पैजेवर बंद करते.

फिरणाऱ्या पैशांचा आकडाही बघा. एकसारखे १,००० लावणाऱ्याचे तासाला ६०,००० फिरतात. मार्टिंगेलमध्ये सरासरी पैज साडेतीन हजारांच्या आसपास जाते, तासाला दोन लाखांच्या वर. कसिनोचा अर्धा टक्का दोन्हीकडे तोच, पण एकीकडे तो ३०० रुपये होतो आणि दुसरीकडे हजाराच्या वर.

डॅलेम्बर्ट आणि तिची भावंडं

हरलं की एक युनिट (ठरवून घेतलेली मूळ पैज) वाढवा, जिंकलं की एक कमी करा. हिला 'सेफ' म्हणून विकतात, आणि मार्टिंगेलच्या शेजारी ठेवली तर ती आहेही. पण तिचा पाया असा की हरणं आणि जिंकणं अखेर बरोबरीत येतील. ब्लॅकजॅकमध्ये ते येत नाहीत. १०० डावांत ४९ हरणं आणि ४२ जिंकणं, म्हणजे शंभरी गाठेपर्यंत पैज सरासरी सात पायऱ्या वर सरकलेली असते. ५०० नं सुरुवात करून ५०० च्या पायऱ्या चढलात तर ४,००० वर. वाईट नशिबाची यात गरज नाही, अगदी सरासरी नशिबातही पैज वाढतच जाते. शिवाय तळाला पोचल्यावर किमान पैजेच्या खाली उतरता येत नाही, त्यामुळे सरकणं वरच्याच दिशेला. ही पद्धत वापरायचीच असेल तर वर छत बांधायचं, पाच युनिटांच्या पुढे जायचं नाही. पण छत बांधलं की तिचा वसुलीचा वायदाही संपतो.

लाबूशेर, म्हणजे कागदावर आकड्यांची रांग लिहून दोन्ही टोकांचे खोडत जायचे ती, हिशेबात जास्त गुंतवते आणि मोठ्या पैजेकडेच नेते. तिच्यावर जास्त शब्द खर्च करण्यात अर्थ नाही.

ऑस्कर्स ग्राइंड जरा हुशार आहे. एका फेरीत एकच युनिट जिंकायचं, हरलं तर पैज तीच ठेवायची, जिंकलं तर एकानं वाढवायची. सलग हरताना पैज वाढत नाही, हे खरोखर चांगलं. अडचण मधेच एखादा डाव जिंकल्यावर येते. पाच डाव हरलात: उणे ५. सहावा जिंकलात: उणे ४. आता पैज २, हरलात: उणे ६. पुन्हा २, हरलात: उणे ८. जिंकलात: उणे ६. पैज ३, हरलात: उणे ९. हेच दहा डाव एकसारख्या पैजेनं खेळले असते तर उणे ६ वर असता. आणि हे सगळं कशासाठी, तर शेवटी एक युनिट हातात पडावं म्हणून. चिकाटीच्या माणसाला ही पद्धत आवडते. तिची सगळी धास्ती लांबलेल्या फेऱ्यांत असते, आणि बोटीवर पहाटे तीनला लांबलेली फेरी अर्धवट सोडून उठणारे फार थोडे.

जिंकल्यावर वाढवणाऱ्या

पारोलीत जिंकलं की डबल, तीन वेळा जिंकलं की पुन्हा १ वर. फेरी कुठेही मोडली तरी तोटा एकाच युनिटाचा. तिन्ही साधले तर ७ युनिट. तिन्ही साधण्याची शक्यता दहात एक. १-३-२-६ मध्ये चार डावांचा क्रम असतो: पहिल्यात हरलात तर उणे १, दुसऱ्यात उणे २, तिसऱ्यात हरलात तरी अधिक २, चौथ्यात शून्य, आणि चारही जिंकलात तर अधिक १२. हे १२ साधारण २२ फेऱ्यांत एकदा हाती येतात. धोका जवळजवळ सगळा दुसऱ्या डावात आहे. एक जिंकून तीन लावायचे आणि हरायचं, हे चार फेऱ्यांत एकदा होतंच.

कसिनोला यांनीही काडीचा फरक पडत नाही. पण हरण्याचा आकार वेगळा असतो: बरेच छोटे तोटे, मधूनच एक मोठा डाव. हाताशी लागणारी रक्कम कमी, म्हणून करही कमी. मोठी पैज लागते तेव्हा आधी जिंकलेल्या चिप्स समोर असतात, त्यामुळे डबल-स्प्लिटला हात आखडावा लागत नाही. मार्टिंगेलचं भोक इथे बुजतं. सिस्टीमशिवाय करमत नसेल तर या दोघींपैकी एक घ्यावी, आणि त्यातही पारोली, कारण तिचे आकडे दोन पेगनंतरही लक्षात राहतात.

एक पथ्य. पारोलीत सरासरी पैज पहिल्या युनिटाच्या दीडपटीहून थोडी जास्त होते, १-३-२-६ मध्ये जवळपास दुप्पट. एकसारख्या पैजेत ५०० लावणार असाल तर इथे पहिली पायरी ३०० ची हवी. टेबलाची किमान पैज ५०० असेल तर ते जमत नाही, आणि आपण नकळत महागडा खेळ खेळू लागतो.

एकसारखी पैज, आणि किती युनिट घ्यायचे

दिसायला सगळ्यांत नीरस, हिशेबात सगळ्यांत सरळ. इथे प्रश्न एकच: चार तास टिकायला किती युनिट लागतात?

चार तास म्हणजे २४० डाव. सरासरी तोटा जेमतेम १.२ युनिट. पण सरासरीभोवतीचा हेलकावा मोठा आहे, एका डावाचं प्रमाण विचलन सुमारे १.१५ युनिट, आणि २४० डावांचं जवळपास १८ युनिट. त्यावरून: २० युनिट घेऊन बसलेला माणूस चार तासांत रिकामा होण्याची शक्यता साधारण १० पैकी ३. ३० युनिट असतील तर १० पैकी १. ४० असतील तर १०० पैकी ३. म्हणून ४० हा चांगला आकडा. २०,००० च्या चिप्स असतील तर पैज ५०० ची, १,००० ची नाही. टेबलाची किमान पैजच १,००० असेल तर दोन तासच खेळायचं, किंवा ते टेबल आपलं नाही हे मान्य करायचं.

आता कर. २०,००० च्या चिप्सवर ४० टक्के म्हणजे ८,०००. आणि चार तासांच्या खेळात, ५०० च्या पैजेनं, कसिनोचा अपेक्षित वाटा २४० × ५०० × अर्धा टक्का = ६०० रुपये. आठ हजार विरुद्ध सहाशे. पैजेची कुठलीही पद्धत या सहाशेच्या वितंडवादात अडकलेली आहे, आणि आठ हजारांकडे कुणी बघत नाही.

म्हणून चिप्स दोन हप्त्यांत घ्यायच्या. आधी २० युनिट: १०,००० च्या चिप्स, कर धरून १४,०००. दुसरे २० युनिट लागले तरच घ्यायचे, आणि वरच्या हिशेबाप्रमाणे ते १० पैकी ३ वेळाच लागतात. सरासरी कर ८,००० वरून ५,२०० च्या खाली येतो. पत्त्यांच्या कुठल्याही हुशारीनं इतके पैसे वाचत नाहीत. मात्र यात एक मेख आहे: हप्त्यानं घेणाऱ्याला तिसरा हप्ता घेण्याची सवय लागते. दुसऱ्या हप्त्याची रक्कम घरूनच वेगळ्या पाकिटात मोजून आणायची, कार्ड हॉटेलच्या खोलीत ठेवायचं. ज्याला हे जमणार नाही हे ठाऊक आहे, त्यानं ४० युनिट एकदम घेऊन जास्तीचा कर सोसावा. तिसऱ्या हप्त्यापेक्षा तो स्वस्त पडतो.

कराचा भार काउंटरवर कसा लावतात हे आधी विचारून घ्या: १४,००० दिल्यावर चिप्स किती रुपयांच्या मिळणार? तोंडी उत्तरावर न जाता पावती बघा. आणि जेवायला उठताना चिप्स वटवू नका. जिंकलेल्या चिप्सनी पुढे खेळत राहिलं तर त्यावर नव्यानं कर नाही. वटवून परत घेतल्या तर मात्र पूर्ण रकमेवर पुन्हा ४० टक्के. चिप्स खिशात घेऊनच जेवायला जायचं.

हरताना

स्टॉप-लॉस (इतकं हरलं की उठायचं, अशी आधी ठरवलेली मर्यादा) टक्केवारी बदलत नाही, एवढंच करतो की डावांची संख्या कापतो. तेवढं पुरेसं आहे. पहिले २० युनिट संपले की निदान अर्धा तास टेबलापासून दूर. या अर्ध्या तासाचं कारण शकुन-अपशकुन नाही. पैसे संपत आल्यावर माणूस बेसिक स्ट्रॅटेजी सोडतो: १२ वर २ समोर असताना 'फुटायला नको' (२१ च्या पुढे जायला नको) म्हणून थांबतो, एक्का-सातवर डीलरचा ९ असताना थांबतो, ११ वर डबल करायला कचरतो. कधीही न फुटण्याच्या बेतानं खेळलं तर कसिनोचा वाटा ३.९ टक्क्यांवर जातो. डीलरची नक्कल केली, म्हणजे १६ पर्यंत पत्ता घ्यायचा आणि १७ ला थांबायचं, तर साडेपाच टक्क्यांच्या आसपास. आधीचा सहाशेचा आकडा असा पावणेपाच ते साडेसहा हजारांवर पोचतो.

गंमत अशी की टेबलावर ज्या डावावरून सगळ्यांत जास्त वाद होतात, तो १६ विरुद्ध १०, त्यात जवळपास काहीच हरवत नाही. पत्ता घ्या किंवा थांबा, पैजेच्या ५४ टक्के तोटा दोन्हीकडे. सरेंडर (अर्धी पैज देऊन डाव सोडणं) मिळत असेल तर ५० टक्क्यांत सुटका, तो घ्यायचा. आणि शेवटच्या खुर्चीवरच्या माणसानं 'डीलरचा पत्ता ओढला' म्हणून त्याच्यावर उखडण्यात काहीच हशील नाही. तो जितक्या वेळा बिघडवतो तितक्याच वेळा सावरतो, फक्त सावरलेलं कुणाच्या लक्षात राहत नाही.

डीलरला एक्का आला की इन्शुरन्स (डीलरचा ब्लॅकजॅक निघेल यावर वेगळी पैज) विचारतात. सहा कॅटमध्ये उरलेल्या ३११ पत्त्यांत १० किमतीचे ९६, आणि मिळतात दोनास एक. तोटा ७.४ टक्के. आपल्याकडे ब्लॅकजॅक असताना 'इव्हन मनी' म्हणून येतो तो हाच इन्शुरन्स, नाव बदलून: तो घेतला तर रुपयाला नक्की एक रुपया, नाकारला तर सरासरी १ रुपया ४ पैसे. शेजारच्या गोलातल्या साइड बेट, परफेक्ट पेअर्स किंवा २१+३ सारख्या, ३ टक्क्यांपासून पुढे जातात. ५०० च्या पैजेसोबत दर डावाला १०० तिथे टाकणारा माणूस मुख्य खेळातल्याहून जास्त त्या छोट्या गोलात घालवतो.

वेग हीसुद्धा किंमतच. एकटे डीलरसमोर बसलात तर तासाला २०० च्या वर डाव होतात, भरलेल्या टेबलावर ५०-६०. पैज तीच ठेवली तरी तासाचा तोटा तिपटीहून जास्त. गर्दीचं टेबल निवडावं, वाट बघावी, गप्पा माराव्यात. पत्ते सतत पिसणारं यंत्र असेल तर डाव वाढतात, हेही धरून चाला. बऱ्याच पॅकेजांत दारू मोफत असते. ती मोफत का असते हे वरच्या ३.९ टक्क्यांवरून कळेल.

वसुलीसाठी उधार किंवा क्रेडिट कार्ड काढावं लागत असेल तर प्रश्न पैजेच्या पद्धतीचा राहिलेला नाही. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

राहिलेल्या चार गोष्टी

महाराष्ट्राचा १९७६ चा कसिनो कायदा कधी अमलात आलाच नाही आणि २०२३ मध्ये रद्द झाला, त्यामुळे मुंबई-पुण्याहून वाट गोव्याचीच. तिथे वय २१ पूर्ण लागतं, आणि खुद्द गोंयकारांना २०२० पासून प्रवेश बंद आहे. ओळखपत्र बरोबर ठेवा. मोबाइलवरचं पैसे लावून खेळायचं ब्लॅकजॅक ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्यानं बंद झालं आहे. 'सरावासाठी' म्हणून लिंक पाठवणाऱ्यांपासून लांब राहा, सराव फुकटच्या अॅपवर बिनपैशांचा करता येतो.

जिंकलेल्या रकमेवर आयकर सरळ ३० टक्के, वर सेस. हरलेली रक्कम त्यातून वजा होत नाही, पुढच्या वर्षी ओढताही येत नाही. रात्री ४०,००० जिंकून दुसऱ्या रात्री ४०,००० हरलेला माणूस स्वतःला बरोबरीत समजतो, आयकर खातं समजत नाही.

पॅकेजसोबत मिळणाऱ्या ओटीपी (वन टाइम प्ले) कूपनांबद्दल. ती एकदाच लावता येतात, वटवता येत नाहीत. ब्लॅकजॅकसारख्या एकास-एक खेळावर अशा कूपनाची किंमत छापील आकड्याच्या निम्म्याहून थोडी कमी. रूलेटच्या एका आकड्यावर लावायला परवानगी असेल तर एक शून्याच्या चाकावर ती ३५/३७, म्हणजे ९४ टक्क्यांच्या वर. बहुतेक वेळा हातात काहीच येणार नाही, पण हिशेबानं दुप्पट फायद्याचं. परवानगी नसेल तर ब्लॅकजॅकवर वापरा, फक्त पत्ते वाटण्याआधी डीलरला विचारून घ्या की कूपनवर डबल करायची वेळ आली तर वरची रक्कम साध्या चिप्सनी चालेल का.